यजमान कोण होता?

२०२०च्या जून महिन्यात लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत पोचलं आणि पाण्याचे नमुने तपासणीला गेले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं, की पाऊस कमी झाल्याने पाण्याची पातळी घटली, खारटपणा वाढला आणि त्यात मिठावर जगणारे सूक्ष्मजीव फोफावले. हा रंग त्यांच्या रंगद्रव्याचा आहे. बातमीत त्या सूक्ष्मजीवांना ‘हॅलोआर्किया’ म्हटलं होतं. पाऊस आला, रंग ओसरला आणि ते नावही लोकांच्या बोलण्यातून गेलं. ते टिकायला हवं होतं, असं मला फार वाटतं. कारण आपल्या शरीरातली प्रत्येक पेशी ज्या यंत्रणेने आपली जनुकं वाचते, ती यंत्रणा याच सूक्ष्मजीवांच्या, म्हणजे आर्कियांच्या, कुळातून आलेली आहे. आपण त्या कुळाचे नेमके कोण लागतो, हा गेल्या पन्नास वर्षांतला जीवशास्त्रातला एक मोठा वाद आहे आणि त्यातला बराचसा भाग गेल्या दहा वर्षांत उलगडला आहे.

आधी प्रश्न काय आहे ते पाहू. शाळेच्या पुस्तकात दोन पेशींची चित्रं शेजारी शेजारी असतात. एक आदिकेंद्रकी: लहान, आत केंद्रक नाही, पटलांनी वेगळे केलेले कप्पे नाहीत. दुसरी दृश्यकेंद्रकी: आत केंद्रक, तंतुकणिका, आंतर्द्रव्यजालिका, गॉल्जी पिंड, प्रथिनांच्या धाग्यांचा सांगाडा आणि त्यावरून होणारी सामानाची वाहतूक. वडाचं झाड, भूछत्र, अमीबा आणि माणूस, सगळे या दुसऱ्या चित्रात बसतात. चित्रात न दिसणारी गोष्ट म्हणजे या दोघांमधली मोकळी जागा. अर्धं केंद्रक असलेला, तंतुकणिकेच्या वाटेवर असलेला एकही जीव आज आढळत नाही. दृश्यकेंद्रकी जीवांच्या सर्व शाखांत हाच संच दिसतो. कुठे एखादा भाग नसलाच तर तो पुढे गमावल्याच्या खुणा सापडतात. म्हणजे हे सगळे एकाच पूर्वजापासून आले. पृथ्वीवर साधे सूक्ष्मजीव किमान साडेतीनशे कोटी वर्षांपासून आहेत आणि एवढ्या काळात अशी गुंतागुंतीची पेशी टिकून राहिली ती एकदाच. एकदाच का, आणि ती घडली कशी?

या प्रश्नाला हात घालण्याआधी सूक्ष्मजीवांची वंशावळ हवी होती, आणि १९७०पर्यंत ती कोणाकडेच नव्हती. सूक्ष्मदर्शकाखाली एक गोल जीवाणू दुसऱ्या गोल जीवाणूसारखाच दिसतो. आकारावरून नातं लावता येत नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठात कार्ल वोझ यांनी वेगळा मार्ग धरला. रायबोसोम, म्हणजे प्रथिनं तयार करणारं यंत्र, प्रत्येक पेशीत असतंच आणि त्याचा गाभा असलेला आरएनए फार सावकाश बदलतो. तेव्हा दोन जीवांच्या रायबोसोमच्या आरएनएत किती फरक आहे, त्यावरून ते किती पूर्वी वेगळे झाले हे कळायला हवं. आज हे काम यंत्र करतं. वोझ यांना किरणोत्सारी फॉस्फरस घालून जीवाणू वाढवावे लागत, त्यांचा आरएनए विकरांनी तोडावा लागे, तुकडे पसरवून त्यांचे ठिपके एक्स-रे फिल्मवर घ्यावे लागत आणि मग ती फिल्म प्रकाशाच्या पेटीवर ठेवून ठिपक्यांवरून क्रम ओळखावा लागे. वर्षानुवर्षं ते या फिल्म पाहत बसत.

१९७६मध्ये त्याच विद्यापीठातल्या राल्फ वूल्फ यांनी त्यांना मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव दिले. हे प्राणवायूच्या स्पर्शाने मरतात, त्यामुळे ते वाढवणं हे स्वतंत्र कौशल्य, आणि ते वूल्फ यांच्या प्रयोगशाळेत होतं. आपल्याकडे गोबरगॅसच्या टाकीत शेवटचं काम हेच सूक्ष्मजीव करतात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस माटुंग्याच्या कुष्ठरोग्यांच्या आश्रमात मैल्यापासून वायू मिळवून तो वापरला जात होता, तोही यांच्याच कामातून आलेला. तेव्हा सगळे त्यांना जीवाणूच समजत. वोझ यांनी फिल्म पाहिली तेव्हा प्रत्येक जीवाणूत हमखास दिसणारे ठिपके तिथे नव्हते. तो आरएनए जीवाणूचा नव्हता आणि दृश्यकेंद्रकी पेशीचाही नव्हता. सजीवांची तिसरी मूळ शाखा सापडली होती.

वोझ आणि जॉर्ज फॉक्स यांचा निबंध नोव्हेंबर १९७७मध्ये प्रसिद्ध झाला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने पहिल्या पानावर बातमी दिली आणि त्या प्रसिद्धीनेच अनेक शास्त्रज्ञ बिथरले. नोबेल पारितोषिक मिळवलेल्या साल्वादोर लुरिया यांनी वूल्फ यांना फोन करून या भानगडीतून अंग काढून घ्यायला सांगितलं, अशी आठवण वूल्फ यांनी पुढे लिहून ठेवली आहे. जर्मनीत मात्र वेगळं वातावरण होतं. म्युनिकजवळच्या दोन माणसांकडे स्वतंत्र पुरावा होता. ओटो कँडलर यांना दिसलं होतं, की मिथेन करणाऱ्या या जीवांच्या पेशीभित्तीत जीवाणूंचं ओळखीचं द्रव्य नाही. वोल्फ्राम झिलिग यांना आढळलं, की आर्कियांचं आरएनए तयार करणारं विकर रचनेने दृश्यकेंद्रकी पेशींच्या विकराच्या जवळचं आहे. झिलिग यांच्या या निष्कर्षाचं वजन पुढे वाढतच गेलं. १९९०मध्ये वोझ, कँडलर आणि मार्क व्हीलिस यांनी सजीवांचे तीन महाविभाग मांडले: जीवाणू, आर्किया आणि दृश्यकेंद्रकी. त्या वृक्षात आर्किया आणि आपण शेजारच्या दोन फांद्या होतो, बहिणी-बहिणींसारख्या.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. आर्किया म्हणजे उकळते झरे, मिठागरं आणि आम्लाची डबकी असा समज बराच काळ राहिला, कारण ते आधी तिथे सापडले. १९९२पासून समुद्राच्या साध्या पाण्यातही त्यांची जनुकं मिळू लागली आणि आज आपल्याला ठाऊक आहे, की ते मातीत, भाताच्या खाचरात, गाईच्या पोटात आणि माणसाच्या आतड्यातही आहेत. एवढ्या जवळ राहूनही आजवर एकाही आर्कियावर माणसाच्या रोगाचा आरोप निर्विवाद सिद्ध झालेला नाही. वैद्यकाला त्यांची गरज पडली नाही, म्हणून ते इतके दिवस दुर्लक्षित राहिले, असं मला वाटतं.

दरम्यान दुसऱ्या टोकाकडून एक वेगळी कथा पुढे सरकत होती. १९६७मध्ये लिन मार्गुलिस यांनी (तेव्हा त्या लिन सेगन या नावाने लिहीत) असा निबंध प्रसिद्ध केला, की तंतुकणिका आणि हरितलवकं हे मुळात स्वतंत्र जीवाणू होते आणि दुसऱ्या पेशीच्या आत राहायला आले. कल्पना अगदी नवी नव्हती. रशियातल्या मेरेझ्कोव्हस्की यांनी १९०५मध्येच हरितलवकांबद्दल असं लिहिलं होतं. मार्गुलिस यांचा निबंध मात्र डझनाहून अधिक नियतकालिकांनी परत पाठवल्यानंतर छापला गेला. त्यांच्या म्हणण्याला खात्रीचा पुरावा मिळाला तो वोझ यांच्याच पद्धतीने. वोझ यांच्याकडे काम केलेल्या लिंडा बोनेन कॅनडात हॅलिफॅक्सला गेल्या आणि फोर्ड डूलिटल यांच्यासोबत त्यांनी हरितलवकांचा आरएनए तपासला. तो जीवाणूंचाच निघाला. तंतुकणिकांचं मूळ पुढे आल्फाप्रोटिओबॅक्टेरिया या जीवाणूगटात सापडलं. माणसाच्या तंतुकणिकेत आज स्वतःची फक्त ३७ जनुकं उरली आहेत. तिला लागणारी हजारभर प्रथिनं केंद्रकातल्या जनुकांवरून बनतात, म्हणजे आलेल्या पाहुण्याची बहुतेक मालमत्ता यजमानाच्या तिजोरीत गेली.

पाहुणा ओळखला गेला. यजमान कोण, हा प्रश्न तसाच राहिला, आणि खरी झुंज त्याच्यावर झाली.

टॉम कॅव्हेलियर-स्मिथ यांचं उत्तर सरळ होतं. यजमान ही आधीच केंद्रक, सांगाडा आणि दुसऱ्याला गिळण्याची क्षमता असलेली पेशी होती; तिने जीवाणू गिळला, तो पचला नाही आणि तंतुकणिका झाला. तंतुकणिका येण्याआधीचे असे जीव आजही असतील, असं त्यांनी १९८३मध्ये म्हटलं आणि जियार्डियासारखी उदाहरणं दिली. दूषित पाण्यातून होणाऱ्या जुलाबांमुळे जियार्डिया आणि एंटामीबा ही नावं आपल्याकडे पुष्कळांना माहीत आहेत. या जीवांत तंतुकणिका दिसत नव्हत्या, म्हणून मांडणी पटण्यासारखी होती. पण एकेक उदाहरण गळत गेलं. १९९९मध्ये एंटामीबात आणि २००३मध्ये जियार्डियात तंतुकणिकेचे छोटे, झिजलेले अवशेष सापडले. २०१६मध्ये मोनोसर्कोमोनॉइड्स नावाचा एक जीव मिळाला, ज्याच्यात तंतुकणिका खरोखरच नाही. पण त्याचे नातलग पाहिले तर त्याने ती नंतर गमावली आहे हे उघड होतं. तंतुकणिका येण्याआधीच्या अवस्थेतला दृश्यकेंद्रकी जीव आजवर मिळालेला नाही.

कॅलिफोर्नियात जेम्स लेक निराळ्याच वाटेने चालले होते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रायबोसोमचे आकार पाहून १९८४मध्ये ते म्हणाले, की दृश्यकेंद्रकी जीव हे आर्कियांच्या शेजारची फांदी नसून आर्कियांच्या आतल्याच एका फांदीतून फुटले आहेत. हे खरं असेल तर मूळ महाविभाग दोनच उरतात आणि आपण आर्कियांचा एक उपविभाग ठरतो. जवळजवळ वीस वर्षं या मताला फारसा मान मिळाला नाही. मग जनुकक्रमांचा ढीग वाढला, वंशवृक्ष काढण्याच्या गणिती पद्धती सुधारल्या आणि २००८नंतर आकडेमोड पुन्हा पुन्हा लेक यांच्या बाजूला झुकू लागली. लेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली होती, जी मला या साऱ्या चर्चेत सर्वांत बोलकी वाटते. आपल्या जनुकांची सरसकट दोन मुळं दिसतात. डीएनएची प्रत काढणं, तो वाचणं, प्रथिनं तयार करणं ही माहितीची कामं करणारी जनुकं आर्कियांसारखी आहेत. अन्न तोडणं, ऊर्जा मिळवणं, चरबी तयार करणं ही घरखर्चाची कामं करणारी जनुकं बहुतांशी जीवाणूंसारखी आहेत. दोन वंशांचा संयोग प्रत्येक पेशीत लिहून ठेवलेला आहे.

पण नातं सांगायचं तर नातलग दाखवावा लागतो, आणि तो मिळाला उत्तर ध्रुवाकडच्या समुद्रात. ग्रीनलंड आणि नॉर्वे यांच्या मधोमध समुद्रतळाच्या डोंगररांगेवर २००८मध्ये बर्गन विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांना गरम पाण्याच्या उद्गमांचा एक समूह सापडला. नॉर्स पुराणातल्या लोकी या कपटी देवावरून त्याला ‘लोकीचा किल्ला’ म्हणतात. तिथून सुमारे १५ किलोमीटरवर, ३,२८३ मीटर खोलीवरचा गाळ वर काढला गेला. स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठात थिस एटेमा आणि आन्या श्पांग यांच्या गटाने त्या गाळातला सगळा डीएनए एकत्र वाचला आणि संगणकावर तुकडे जुळवून एका अनोळखी आर्कियाचा जीनोम उभा केला. २०१५मध्ये तो ‘नेचर’मध्ये आला तेव्हा त्याचं नाव लोकीआर्किया ठेवलं होतं. त्याच्या सुमारे ५,४०० जनुकांपैकी ३ टक्क्यांहून थोडी अधिक जनुकं दृश्यकेंद्रकी जीवांच्या जनुकांना सर्वांत जवळची होती. त्यांत अ‍ॅक्टिन होतं, ज्याने आपल्या पेशीचा सांगाडा आणि स्नायू बनतात. पटलं वाकवणारी आणि तोडणारी प्रथिनं होती. पेशीत वाहतुकीचा इशारा देणाऱ्या लहान विकरांचं मोठं कुटुंब होतं. घर बांधायच्या आधी आवारात विटा, वाळू आणि सळ्या येऊन पडाव्यात तसं ते सामान होतं, घर मात्र कुठेच दिसत नव्हतं.

टीका झालीच आणि ती रास्त होती. हा जीव कोणी पाहिलेला नव्हता. गाळातल्या मिश्रणातून तुकडे जोडताना दृश्यकेंद्रकी जीवांचा डीएनए मिसळला असेल, वंशवृक्षात निवडलेल्या जनुकांनी दिशाभूल केली असेल, असं पॅरिसमधल्या पॅट्रिक फोर्टेर यांच्या गटाने २०१७मध्ये लिहिलं. मात्र त्या वर्षापर्यंत याच कुळातले आणखी गट जगाच्या वेगवेगळ्या भागांतून मिळाले आणि त्यांना थोर, ओडिन आणि हाइमडाल ही नावं देऊन साऱ्या कुळाला आसगार्ड म्हटलं गेलं. इतक्या वेगवेगळ्या ठिकाणच्या नमुन्यांत तीच जनुकं मिळाल्यावर भेसळीचा मुद्दा उरला नाही. सिंगापूरमध्ये काम केलेले रॉबर्ट रॉबिन्सन आणि जानेर अकिल यांनी २०१८मध्ये आसगार्डचं प्रोफिलिन हे प्रथिन प्रयोगशाळेत तयार केलं. ते सशाच्या अ‍ॅक्टिनसोबतही काम करत होतं. दोनशे कोटी वर्षांच्या दुराव्यानंतरही दोन प्रथिनं एकमेकांना ओळखतात, हे वाचून मी बराच वेळ पुढचं पान उलटलं नव्हतं.

तरीही जिवंत पेशी हवी होती. जपानमधल्या हिरोयुकी इमाची यांच्या गटाला ती मिळाली आणि त्यांना आसगार्ड हे नावही ठाऊक नसताना त्यांनी काम सुरू केलं होतं. मे २००६मध्ये शिनकाई ६५०० या पाणबुडीने जपानच्या दक्षिणेला नानकाई खळग्यातून २,५३३ मीटर खोलीवरचा गाळ आणला. त्यांना मिथेनवर जगणारे सूक्ष्मजीव वाढवायचे होते. यासाठी त्यांनी सांडपाणी शुद्ध करण्याच्या तंत्रातून आलेलं एक उपकरण वापरलं: टांगलेल्या स्पंजांवरून पाणी हळूहळू झिरपत खाली येतं आणि स्पंजांत सूक्ष्मजीव वस्ती करतात. (याच तंत्राचा सांडपाण्याचा प्रकल्प हरियाणात कर्नालला चालवून पाहिला गेला आहे.) हे उपकरण २,००० दिवसांहून अधिक काळ मिथेन देत चालू ठेवलं. मग त्यातला अंश काढून काचेच्या नळ्यांत अमिनो आम्लं, दूध पावडर आणि जीवाणूंना रोखणारी प्रतिजैविकं घालून ठेवला. सुमारे वर्षभराने एका नळीत किंचित गढूळपणा आला. त्यात एक आसगार्ड आर्किया होता. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. याला १४ ते २५ दिवस लागत होते आणि वाढ सुरू होण्याआधीच महिना-दोन महिने जात. समुद्रातून गाळ आणण्यापासून निबंध येईपर्यंत बारा वर्षांहून अधिक काळ गेला. २०२०च्या ‘नेचर’मध्ये हा जीव प्रोमिथिओआर्किअम सिंट्रॉफिकम या नावाने जगासमोर आला. २०२४मध्ये औपचारिक नामकरणात नाव थोडं बदललं आणि आसगार्ड कुळालाही त्याच्यावरूनच अधिकृत नाव मिळालं. संशोधनाच्या अनुदानाची मुदत तीन वर्षांची असण्याच्या काळात हे काम कोणीतरी चालू ठेवलं, याबद्दल मला त्या गटाविषयी फार आदर वाटतो.

पेशी दिसली तेव्हा तिच्यात केंद्रक नव्हतं, अंतर्गत कप्पे नव्हते. साधारण अर्ध्या मायक्रॉनचा एक गोळा, आणि वाढ थांबली की त्यातून लांब, काही ठिकाणी फाटे फुटलेले तंतू बाहेर पडलेले. ती एकटी जगत नव्हती. अमिनो आम्लं तोडताना ती हायड्रोजन आणि फॉर्मिक आम्ल टाकते. ते साचलं तर तिचीच रसायनक्रिया अडते. जवळ मिथेन करणारा आर्किया किंवा सल्फेट वापरणारा जीवाणू असला, की तो ते टाकाऊ उचलतो आणि तिचं जगणं पुढे चालतं. म्हणजे भागीदारी ही तिच्या जगण्याची अट आहे. यानंतर २०२२च्या अखेरीस व्हिएन्नातल्या क्रिस्टा श्लेपर यांच्या गटाने स्लोव्हेनियातल्या पिरान इथल्या किनारी चिखलातून दुसरा आसगार्ड, लोकीआर्किअम ओसिफेरम, वाढवला. झुरिचमधल्या मार्टिन पिलहोफर यांच्या गटाने तो गोठवून त्याच्या अंतर्भागाच्या प्रतिमा घेतल्या. त्या लांब तंतूंतून आणि पेशीच्या गाभ्यातून खरोखर अ‍ॅक्टिनचे धागे जात होते. २०२५मध्ये याच जीवात सूक्ष्मनलिका करणारी प्रथिनंही दाखवली गेली.

आता मूळ घटनेकडे येतो. इथे मतं पुष्कळ आहेत; ज्यांच्याबद्दल पुरावा बोलतो तेवढ्यांवर मी थांबतो.

१९९८मध्ये बिल मार्टिन आणि मिक्लोश म्युलर यांनी हायड्रोजनची मांडणी केली. म्युलर यांनी त्याआधी ट्रायकोमोनास गटातल्या जीवांत हायड्रोजन टाकणारी अवयविका शोधली होती. प्राणवायूविना जगणाऱ्या काही पक्ष्माभिकी जीवांत मिथेन करणारे आर्किया अशा अवयविकांना बिलगून बसतात, कारण तिथे हायड्रोजन मिळतो. यावरून त्यांनी अंदाज बांधला, की मूळ यजमान हा हायड्रोजन खाणारा आर्किया होता आणि पाहुणा हायड्रोजन टाकणारा जीवाणू. त्यात गिळणं नव्हतं. जिथून खाणं येतं त्याच्याभोवती आर्किया हळूहळू पसरत गेला आणि शेवटी त्याने त्याला पूर्ण वेढलं. त्याच वर्षी डेव्हिड मोरेइरा आणि पुरिफिकासियोन लोपेझ-गार्सिया यांनीही अशाच देवघेवीवर उभी असलेली, पण तीन भागीदार असलेली मांडणी केली. आसगार्ड सापडल्यावर दिशा उलटी निघाली: हे आर्किया हायड्रोजन खाण्याऐवजी टाकतात. म्हणून श्पांग आणि सहकाऱ्यांनी २०१९मध्ये प्रवाह उलटा केला. टाकणारा यजमान, उचलणारा जीवाणू. इमाची आणि मासारू नोबू यांनी त्यात प्राणवायूही आणला. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी हवेत प्राणवायू वाढू लागला आणि तो आर्कियाला विष होता. प्राणवायू वापरून संपवणारा जीवाणू जवळ असणं ही आर्कियाची गरज झाली. लांब तंतूंनी त्याने तो गुंडाळला आणि आत घेतला. अशाच बाहेर येणाऱ्या फुगवट्यांतून केंद्रकाभोवतीची रचना झाली असावी, हे डेव्हिड आणि बझ बाउम या चुलत भावांनी २०१४मध्येच, असा जीव कोणी पाहिलेला नसताना, लिहून ठेवलं होतं. त्यांच्या चित्रातले तंतू आणि सहा वर्षांनी आलेली जपानी छायाचित्रं शेजारी ठेवली, तर कोणालाही थांबून पाहावंसं वाटेल.

माझा कल स्पष्ट आहे. मूळ घटनेत गिळण्यापेक्षा देवघेव आधी होती, असं मला वाटतं. गिळण्यासाठी लागणारी यंत्रणा फार खर्चिक आहे. टाकाऊ द्रव्याच्या देवघेवीला केवळ शेजार लागतो, आणि तो शेजार समुद्रतळाच्या प्रत्येक चिखलात आहे. मात्र एका मोहापासून सावध राहायला हवं. नानकाईचा जीव हा आपला पूर्वज नाही. तो आपल्या पूर्वजाचा लांबचा भाऊबंद आहे आणि गेली दोनशे कोटी वर्षं तोही बदलत आला आहे. त्याच्या आजच्या सवयीवरून पूर्वजाची सवय ठरवणं हा अंदाज आहे, पुरावा नाही.

तंतुकणिका आधी की गुंतागुंत आधी, यावरचा वाद अजून तापलेला आहे. निक लेन आणि बिल मार्टिन यांनी २०१०मध्ये असं गणित मांडलं, की तंतुकणिकांमुळे दर जनुकामागे मिळणारी ऊर्जा सुमारे दोन लाख पट वाढली आणि त्याशिवाय मोठा जीनोम पोसणं अशक्य होतं. मायकेल लिंच आणि जॉर्जी मारिनोव्ह यांनी पुढे वेगवेगळ्या पेशींचा खर्च मोजून दाखवला आणि अशी अचानक झेप दिसत नाही, पेशीच्या आकाराबरोबर खर्चही क्रमाने वाढतो, असं म्हटलं. मला लिंच यांची मोजणी अधिक भक्कम वाटते, पण त्याने तंतुकणिकेचं महत्त्व संपत नाही. तिच्या येण्याचा दुसरा परिणाम ऊर्जेहून खोल असू शकतो. मार्टिन आणि युजीन कूनिन यांनी २००६मध्ये सुचवलं, की आत आलेल्या जीवाणूकडून स्वतःच उड्या मारणारे जनुकखंड यजमानाच्या डीएनएत घुसले आणि पसरले. ते संदेशातून कापून काढायला वेळ लागतो, तर रायबोसोम संदेश हाती येताच वाचायला लागतो. कापणं पुरं होईपर्यंत वाचणाऱ्याला दूर ठेवायला हवं, म्हणून मध्ये पडदा आला आणि तो पडदा म्हणजे केंद्रकाचं आवरण. केंद्रक का आहे, याचं इतकं नेमकं कारण सांगणारी दुसरी मांडणी माझ्या वाचनात नाही. तंतुकणिका उशिरा आली असंही जनुकांच्या तुलनेतून २०१६मध्ये अलेक्झांद्रोस पित्तिस आणि टोनी गाबाल्दोन यांनी मांडलं; ते खरं असेल तर या कल्पनेला पुन्हा तपासावं लागेल.

सर्वांत अवघड गाठ पटलाची आहे. आर्कियांचं पेशीपटल आणि जीवाणूंचं पेशीपटल यांची रसायनं वेगळी आहेत: चरबीच्या साखळ्या वेगळ्या, त्यांना जोडणारा बंध वेगळा आणि ज्या ग्लिसरॉलवर त्या बसतात तोही आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा. आपलं पटल जीवाणूंच्या जातीचं आहे. यजमान आर्किया असेल, तर त्याने कधीतरी आपलं संपूर्ण आवरण जिवंतपणी बदललं असलं पाहिजे. हे अशक्य आहे असं म्हणणारे पुष्कळ होते. २०१८मध्ये नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या संशोधकांनी ई. कोलायमध्ये आर्कियाची चरबी तयार करणारी जनुकं घातली. त्याच्या पटलात सुमारे ३० टक्के आर्कियाची चरबी आली आणि पेशी जगली. मिश्र पटल चालतं, एवढं सिद्ध झालं. ते बदल का आणि कोणत्या क्रमाने झाले, याचं समाधानकारक उत्तर आजही नाही, आणि ही गाठ सुटल्याशिवाय पूर्ण कथा सांगितल्याचा दावा कोणी करू नये.

काळाच्या बाबतीत भारताकडे मोलाचा पुरावा आहे. चित्रकूटच्या विंध्य खडकांत स्टेफान बेंग्टसन आणि सहकाऱ्यांना सुमारे १६० कोटी वर्षांपूर्वीचे तंतू आणि गुच्छ सापडले आणि २०१७मध्ये त्यांनी ते लाल शैवालासारखे जीव असल्याचं मांडलं. एकाचं नावच राफाताझ्मिया चित्रकूटेन्सिस आहे. हे खरोखर शैवाल असेल, तर तोवर तंतुकणिका तर आलीच होती, हरितलवकही आलं होतं. ऑस्ट्रेलियात योखेन ब्रॉक्स यांच्या गटाला सुमारे १६४ कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत दृश्यकेंद्रकी जीवांच्या चरबीचे आदिम अंश मिळाले. म्हणजे यजमान आणि पाहुण्याची गाठ त्याहून बरीच आधी पडली असली पाहिजे. चित्रकूटच्या जीवाश्मांवर सर्वांचं एकमत नाही, पण त्या खडकांकडे आपल्या भूशास्त्रज्ञांनी आणखी लक्ष द्यावं, एवढी त्यांची योग्यता नक्कीच आहे.

आता चर्चा आसगार्ड कुळाच्या आतल्या नात्यावर आली आहे. २०२३मध्ये लॉरा एम, एटेमा आणि सहकाऱ्यांनी मोठा जनुकसंच घेऊन आपली जागा हाइमडाल गटाच्या आत, होडआर्किया या उपगटाच्या शेजारी लावली. २०२५मध्ये दुसऱ्या गटाने ‘नेचर’मध्येच ती हाइमडालच्या बाहेर, अधिक खोल टोकाला नेली. फरक किरकोळ वाटेल, पण तो यजमानाच्या स्वभावाचा आहे. हाइमडाल गटातल्या अनेकांकडे प्राणवायू वापरण्याची जनुकं आहेत, तर नानकाईचा जीव प्राणवायूविना राहतो. पूर्वज हाइमडालच्या आत असेल, तर तो प्राणवायूला आधीपासून थोडा सरावलेला असू शकतो आणि विषापासून वाचवणारा जोडीदार ही कल्पना बरीच सैल पडते. सूक्ष्मदर्शकाखाली चिखलातल्या काही हाइमडाल पेशींचा डीएनए मधोमध गोळा झालेला आणि रायबोसोम त्याच्यापासून दूर असलेले दिसले आहेत. त्या दोहोंमध्ये पटल आहे का, हे त्या चित्रांवरून ठरत नाही. त्यासाठी हा जीव काचेच्या नळीत वाढवावा लागेल आणि तो वाढलाच तर आधी तीन गोष्टी तपासाव्या लागतील: त्याचं पटल कोणत्या चरबीचं आहे, तो प्राणवायूचं काय करतो आणि त्याच्या शेजारी कोण राहतं.